भूकवचातील किरणोत्सारी उष्णता आणि खोली : सातारा–कोयना परिसराच्या संदर्भात एका संशोधनविचाराचा इतिहास

गोषवारा

युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या मूलद्रव्यांच्या किरणोत्सारामुळे खंडीय भूकवचात सतत उष्णता निर्माण होत असते. ही मूलद्रव्ये खोलीनुसार कशी विभागलेली आहेत, या प्रश्नाचा अभ्यास १९०६ पासून सुरू आहे. प्रस्तुत लेखात या अभ्यासाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेऊन, दख्खनच्या बेसॉल्टने झाकलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या परिसरात या प्रश्नाला कोणते वेगळे रूप येते याची चर्चा केली आहे. 'खोली वाढत जाते तसतशी किरणोत्सारी उष्णता घटत जाते' हे विधान संपूर्ण कवचाच्या मापाने खरे असले, तरी या परिसरात वरच्या काही किलोमीटरांत परिस्थिती उलट आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भूकवच, उष्मानिर्मिती, उष्माप्रवाह, दख्खन बेसॉल्ट, धारवाड क्रेटॉन, कोयना, रहिमतपूर

१. प्रास्ताविक

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे शहर दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेले आहे. या भागात विहीर खणू लागले की प्रथम माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. क्वचित दोन पाषाणथरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. लाव्ह्याच्या एका प्रवाहानंतर दुसरा प्रवाह येईपर्यंत जो काळ गेला, त्याची ती खूण होय. विहीर कितीही खोल नेली तरी हा क्रम बदलत नाही. त्यामुळे येथील भूमी खालपर्यंत काळ्या पाषाणाचीच आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे.

वस्तुतः हा पाषाण म्हणजे एक झाकण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाउद्रेकांनी आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. त्याखाली २५० कोटी वर्षांहून जुने ग्रॅनाइट व पट्टिताश्म आहेत. झाकण आणि त्याखालचा खडक यांत रंगाचा, घडणीचा आणि वयाचा भेद आहेच. शिवाय किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या प्रमाणातही मोठा भेद आहे. जमिनीखालचे तापमान ठरवताना हा भेद निर्णायक ठरतो. रहिमतपूरपासून नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवर असलेल्या कोयना परिसरात १९६७ पासून भूकंपांचा अभ्यास चालू आहे. भूकंप किती खोलीपर्यंत होऊ शकतात याचा विचार तापमानाच्या अंदाजावाचून पूर्ण होत नाही. म्हणून हा प्रश्न या जिल्ह्यांच्या दृष्टीने निव्वळ तात्त्विक नाही.

२. केल्विन ते स्ट्रट : प्रश्नाचा जन्म

एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वी हा एक निवत चाललेला गोळा आहे असे गृहीत धरून तिचे वय काढण्याचा प्रयत्न केला. खाणींतून खाली उतरताना तापमान वाढते, हे मोजमापांनी ठाऊक होते. त्या वाढीच्या दरावरून केल्विन यांनी १८६२ मध्ये पृथ्वीचे वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले आणि १८९७ मध्ये ते २ ते ४ कोटींपर्यंत खाली आणले. भूवैज्ञानिकांना हा काळ अपुरा वाटत होता, परंतु त्यांच्याजवळ तोडीस तोड गणित नव्हते. पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता अधिक वेगाने वाहून नेली जात असेल तर केल्विन यांचे उत्तर बदलते, हा जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये घेतलेला आक्षेप मूलभूत होता. पण त्या वेळी त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

१८९६ मध्ये बेक्रेल यांनी किरणोत्सार शोधला. १९०३ मध्ये पिअर क्यूरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी रेडियम सतत उष्णता बाहेर टाकते हे मोजून दाखवले. पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णतेचा स्वतंत्र स्रोत असल्याची शक्यता त्यामुळे पुढे आली. तथापि या शोधाने एक नवीच अडचण उभी केली. खडकांत रेडियम असेल तर ते किती आणि कोठवर?

या प्रश्नाचे पहिले मोजमापाधिष्ठित उत्तर आर. जे. स्ट्रट यांनी १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्यांनी निरनिराळ्या अग्निज खडकांतील रेडियमचे प्रमाण मोजले. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली म्हणजे ग्रॅनाइटात रेडियम अधिक असते आणि बेसॉल्टसारख्या खडकांत कमी. दुसरी गोष्ट अधिक आश्चर्यकारक होती. पृष्ठभागावरच्या खडकांत जेवढे रेडियम आहे तेवढेच पृथ्वीच्या केंद्रापर्यंत असते, तर जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता प्रत्यक्षात मोजल्या गेलेल्या उष्णतेच्या अनेक पटींनी अधिक असली असती. म्हणून हे द्रव्य वरच्या काही थरांपुरतेच मर्यादित असले पाहिजे. स्ट्रट यांनी या थराची जाडी सुमारे ४५ मैल, म्हणजे सुमारे ७० किलोमीटर, असावी असा अंदाज केला. भूकंपलहरींच्या अभ्यासातून भूकवचाची जाडी ठरण्यापूर्वी, निव्वळ उष्णतेच्या हिशेबावरून कवच नावाचा एक वेगळा थर असल्याचे अनुमान निघाले, हे या टप्प्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

३. जोली व होम्स : बोगदे आणि अनुमान

खोलीनुसार प्रमाण कसे बदलते हे प्रत्यक्ष पाहण्याचे साधन त्या काळी बोगदे आणि खाणी एवढेच होते. डब्लिनचे जॉन जोली यांनी आल्प्स पर्वतातील सिंप्लॉन आणि सेंट गॉटहार्ड या बोगद्यांतील खडकांचे रेडियम मोजले. बोगद्यातील तापमान आणि तेथील खडकांचा किरणोत्सार यांचा संबंध लावण्याचा हा प्रारंभीचा प्रयत्न होता. १९०९ मधील त्यांच्या ग्रंथाने किरणोत्सार हा भूविज्ञानाचा विषय आहे ही जाणीव पक्की केली. १९०६ मध्येच पोटॅशियमही किरणोत्सारी असल्याचे आढळले होते. पुढे युरेनियम, थोरियम व पोटॅशियम हे उष्णतेचे तीन मुख्य स्रोत म्हणून स्थिर झाले.

या तिघांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. एक किलोग्रॅम युरेनियम सुमारे ०.०९५ मिलिवॅट आणि एक किलोग्रॅम थोरियम सुमारे ०.०२६ मिलिवॅट उष्णता देते. पोटॅशियमची उष्णता त्यांच्या तुलनेत हजारो पटींनी कमी आहे. परंतु खडकात युरेनियम व थोरियम दशलक्षात काही भाग एवढेच असतात, तर पोटॅशियम शेकडा काही भाग असते. त्यामुळे एकूण हिशेबात तिघांचाही वाटा दखलपात्र ठरतो.

आर्थर होम्स यांनी १९१५–१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत पृथ्वीच्या औष्णिक इतिहासाची नव्याने मांडणी केली. किरणोत्सारी मूलद्रव्ये वरच्या भागात एकवटलेली असून खाली ती विरळ होत जातात, हे त्या मांडणीचे गृहीतक होते. याचे रासायनिक कारण पुढे अधिक स्पष्ट झाले. ही मूलद्रव्ये प्रावरणातील खनिजांच्या स्फटिकरचनेत सहज सामावत नाहीत. खडक अंशतः वितळला की ती द्रवात जातात आणि द्रव हलका असल्याने वर सरकतो. ही क्रिया पुनःपुन्हा घडल्याने कवचाच्या वरच्या भागात त्यांचा साठा वाढत गेला आणि खालचा भाग कोरडा होत गेला.

मात्र 'विरळ होत जातात' म्हणजे नेमके कसे, याचे उत्तर पुढील पन्नास वर्षे मिळाले नाही. १९३९ मध्ये एडवर्ड बुलार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत आणि ए. ई. बेनफिल्ड यांनी ब्रिटनमध्ये खोल विवरांतील तापमान व खडकांची औष्णिक संवाहकता यांवरून जमिनीतून बाहेर पडणारा उष्माप्रवाह विश्वसनीय रीतीने मोजला. त्यामुळे हिशेबाची एक बाजू भक्कम झाली; खोलीची बाजू अद्याप अनुमानावरच होती.

४. १९६८ : एका सोप्या सूत्राचे यश

१९६८ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस बर्च आणि त्यांचे सहकारी, तसेच आर्थर लाखेनब्रुख यांनी स्वतंत्रपणे एक लक्षणीय संबंध दाखवला. ग्रॅनाइटी खडकांच्या प्रदेशात अनेक ठिकाणी पृष्ठभागावरील उष्माप्रवाह आणि त्याच ठिकाणच्या खडकाची उष्मानिर्मिती मोजून आलेखावर मांडली असता बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. हा संबंध शब्दांत असा सांगता येतो : पृष्ठभागावरील उष्माप्रवाह म्हणजे खालून येणारा उष्माप्रवाह अधिक पृष्ठभागावरील उष्मानिर्मितीचा एका ठरावीक लांबीशी केलेला गुणाकार. ही लांबी बहुतेक प्रदेशांत ७ ते १० किलोमीटरांच्या आसपास निघाली.

या सूत्राचा मोह मोठा होता. पृष्ठभागावरचा एक दगड आणि एका विवरातील तापमान एवढ्यावरून संपूर्ण कवचाचे तापमान काढता येईल असे वाटू लागले. लाखेनब्रुख यांनी १९७० मध्ये पुढचे पाऊल टाकले. निरनिराळ्या ठिकाणी जमिनीची झीज कमीअधिक झालेली असूनही हा सरळरेषीय संबंध टिकून राहतो. हे घडण्यासाठी उष्मानिर्मिती खोलीनुसार घातीय रीतीने घटली पाहिजे, म्हणजे प्रत्येक ठरावीक अंतराला ती ठरावीक प्रमाणात कमी झाली पाहिजे, असे त्यांनी गणिताने दाखवले. हे प्रारूप सुटसुटीत असल्याने पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आणि पुढील काळात अनेकदा गृहीतकाऐवजी वस्तुस्थिती म्हणून वापरले गेले.

५. उलटलेले कवच आणि खोल विवरे

या प्रारूपाची परीक्षा दोन मार्गांनी झाली. पहिला मार्ग म्हणजे निसर्गानेच कलंडून ठेवलेल्या कवचाचा अभ्यास. काही ठिकाणी भूहालचालींमुळे कवचाचा छेद आडवा उघडा पडलेला आहे. तेथे जमिनीवरून चालत जाणे म्हणजे कवचात खाली उतरत जाणेच होय. दक्षिण आफ्रिकेतील फ्रेडफोर्ट आणि कॅनडातील कापुस्कासिंग ही अशी ठिकाणे आहेत. तेथील मोजमापांत, वरच्या ग्रॅनाइटी भागात उष्मानिर्मिती अधिक आणि खालच्या ग्रॅन्युलाइट खडकांत कमी, हे स्थूल चित्र खरे ठरले. परंतु घट एकसारखी नव्हती. खडक बदलला की आकडा एकदम बदलत होता.

दुसरा मार्ग वेधनाचा. सोव्हिएत संघातील कोला द्वीपकल्पावर १९७० मध्ये सुरू झालेले विवर १९८९ मध्ये १२,२६२ मीटरांपर्यंत पोहोचले. तळाशी सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित असताना ते सुमारे १८० अंश निघाले. जर्मनीतील केटीबी विवर १९९४ मध्ये ९,१०१ मीटरांवर थांबले. तेथे तापमान सुमारे २६५ अंश होते. या दोन्ही विवरांत उष्मानिर्मिती खोलीबरोबर घातीय रीतीने घटताना आढळली नाही. ती खडकाच्या जातीनुसार वरखाली होत राहिली.

यावरून एक महत्त्वाचा विवेक पुढे आला. ३५–४० किलोमीटर जाडीच्या कवचाचा सरासरी विचार केला तर खोलीनुसार घट निश्चित आहे. २००३ मध्ये रॉबर्टा रुडनिक आणि शान गाओ यांनी केलेल्या संकलनानुसार वरच्या कवचात युरेनियम दशलक्षात सुमारे २.७ भाग, तर खालच्या कवचात सुमारे ०.२ भाग आहे. थोरियमचे आकडे अनुक्रमे १०.५ आणि १.२ आहेत. हा फरक जवळपास दसपटीचा आहे. मात्र पहिल्या दहा किलोमीटरांत असा कोणताही गुळगुळीत नियम सापडत नाही. तेथे खोलीपेक्षा खडकाची जात अधिक बोलते.

६. भारतातील प्रयत्न : खाणींपासून धारवाडपर्यंत

हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. आर. के. वर्मा, आर. यू. एम. राव, एम. एल. गुप्ता प्रभृती संशोधकांनी साठच्या दशकात भारतातील उष्माप्रवाहाची पद्धतशीर मोजमापे सुरू केली. प्रारंभी त्यांना खाणींचाच आधार होता. सिंगभूममधील मोसाबनी येथील तांब्याच्या खाणीतील निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल असल्याने त्यांचेही महत्त्व मोठे होते. १९७६ मध्ये राव आणि सहकाऱ्यांनी भारतीय ढालप्रदेशातील किरणोत्सारी उष्मानिर्मिती व उष्माप्रवाह यांचा एकत्रित विचार मांडला.

या आकड्यांच्या अर्थाविषयी तीव्र मतभेद झाले. जे. जी. नेगी, ओ. पी. पांडे आणि पी. के. अगरवाल यांनी १९८६ मध्ये भारतीय शिलावरण उष्ण असून त्यामुळेच भारतीय पट्ट वेगाने सरकला असे प्रतिपादन केले. उलट सुकांत रॉय आणि आर. यू. एम. राव यांनी २००० मध्ये केलेल्या आढाव्यात धारवाड प्रदेशातील उष्माप्रवाह २५ ते ५० मिलिवॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे कमी, असल्याचे दाखवले. या वादात प्रत्येक बाजूच्या उत्तरामागे उष्मानिर्मितीच्या खोलीनुसार वाटणीविषयीचे एक गृहीतक होते. मोजलेला प्रवाह कवचात निर्माण झाला की प्रावरणातून आला, हे त्या गृहीतकावर अवलंबून असते.

भारताजवळ या प्रश्नासाठी एक मोलाचे नैसर्गिक साधन आहे. धारवाड क्रेटॉन हा प्राचीन भूखंड उत्तरेकडे कलंडलेला असून दक्षिणेकडे त्याचा खोलवरचा भाग उघडा पडला आहे. उत्तर कर्नाटकातून तमिळनाडूकडे जाताना अल्प रूपांतरित खडकांपासून ग्रॅन्युलाइटांपर्यंत खडकांची क्रमशः खोल पातळी दिसते. सेंथिल कुमार आणि जी. के. रेड्डी यांनी २००४ मध्ये या उघड्या छेदातील किरणोत्सारी मूलद्रव्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. खोलवरच्या खडकांत ही मूलद्रव्ये लक्षणीय कमी आढळली. मात्र २००३ मध्ये लबनी रे आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील ग्रॅन्युलाइट प्रदेशाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उत्तरेकडील ग्रॅन्युलाइट किरणोत्सारात अत्यंत दरिद्री, तर मदुराई भागातील ग्रॅन्युलाइट बरेच समृद्ध असल्याचे दिसते. म्हणजे खोलवरचा प्रत्येक खडक निस्तेज असतो असेही म्हणता येत नाही.

सातारा परिसराशी याचा थेट संबंध आहे. धारवाड क्रेटॉनची उत्तर बाजू दख्खनच्या बेसॉल्टखाली शिरते. कर्नाटकात जो खडक उघड्यावर दिसतो, त्याचेच उत्तरेकडील विस्तार सांगली व सातारा जिल्ह्यांच्या पाषाणाखाली आहेत.

७. झाकणाखाली डोकावणे : किल्लारी आणि कोयना

बेसॉल्टखालील खडकाचा नमुना हाती येण्यास दोन भूकंप कारण झाले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरजवळ ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. कोयना धरणाच्या जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यानंतर या परिसरात भूकंप वाढले होते. पुढे वारणा जलाशयाच्या परिसरातही ते होऊ लागले. जलाशयाशी निगडित भूकंपांचे जगातील हे सर्वाधिक अभ्यासले गेलेले क्षेत्र ठरले. दुसरा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झाला. त्यानंतर तेथे खणलेल्या ६१७ मीटर खोल विवरात ३३८ मीटरांवर बेसॉल्ट संपून पायाभूत खडक लागला. उष्माप्रवाहाचे तेथील मोजमाप चाळिशीच्या घरात, म्हणजे धारवाडच्या उघड्या भागाशी सुसंगत, निघाले.

कोयना परिसरात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या पुढाकाराने वैज्ञानिक वेधनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. मार्च २०११ मध्ये त्यासंबंधी आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. त्यानंतर सुमारे १,५०० मीटरांपर्यंतची नऊ विवरे घेण्यात आली. रासाटी येथील पहिल्या विवरात सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला. मध्ये गाळाच्या खडकांचा थर आढळला नाही. डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर घेण्यात आले. तेथे बेसॉल्टची जाडी सुमारे १,२५० मीटर भरली. जाडीतील हा फरक बराचसा जमिनीच्या उंचसखलपणामुळे पडतो. कराड येथील वेधन-भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा हे या कामाचे केंद्र आहे.

याहून खोलवरचा पुरावा कोकण किनाऱ्यावर आहे. मुरुड-जंजिरा येथील भित्तिप्रस्तरांत लाव्ह्याने वाटेत उचलून आणलेले ग्रॅन्युलाइटचे तुकडे सापडतात. गोवा विद्यापीठाचे ए. जी. देसाई आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दख्खनच्या खालच्या कवचात असे खडक आहेत, याची ही प्रत्यक्ष साक्ष होय.

८. सातारा परिसराचा उष्णतेचा हिशेब

खडकाची घनता आणि त्यातील तिन्ही मूलद्रव्यांचे प्रमाण ठाऊक असले की त्याची उष्मानिर्मिती काढता येते. दख्खनच्या बेसॉल्टात ती साधारणतः घनमीटरला ०.२ ते ०.४ मायक्रोवॅट भरते. ग्रॅनाइट व तत्सम पट्टिताश्मांत ती बहुधा १ ते ३ मायक्रोवॅट असते. ग्रॅन्युलाइटात ती बहुतेक वेळा पुन्हा ०.५ च्या खाली जाते. म्हणून या परिसरात वरून खाली जाताना उष्मानिर्मिती प्रथम कमी, मग एकदम अनेक पटींनी अधिक आणि शेवटी पुन्हा कमी असा क्रम लागतो. घातीय घटीचे प्रारूप येथे पहिल्याच किलोमीटरात मोडते.

याचा परिणाम साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. रहिमतपूरच्या विहिरीतील पाषाणाचा तुकडा घेऊन १९६८ चे सूत्र वापरले, तर ०.३ मायक्रोवॅट आणि १० किलोमीटर यांच्या गुणाकाराने कवचाच्या वरच्या भागाचा वाटा अवघा ३ मिलिवॅट येतो. उष्माप्रवाह ४५ मिलिवॅट धरल्यास उरलेले ४२ मिलिवॅट खालून, म्हणजे प्रावरणातून येतात असा चुकीचा निष्कर्ष निघेल आणि येथील भूमी खाली अतिशय तप्त आहे असे वाटेल. प्रत्यक्षात एक किलोमीटर जाडीचा बेसॉल्ट स्वतः जेमतेम ०.३ मिलिवॅट देतो. त्याखालच्या ग्रॅनाइटात उष्मानिर्मिती २ मायक्रोवॅट धरली तर दहा किलोमीटरांतून २० मिलिवॅट मिळतात. सूत्राने ज्या दगडावर भर दिला तो दगड या हिशेबात जवळजवळ निरर्थक ठरतो.

बेसॉल्ट हा लाव्ह्याचा असल्यामुळे त्याची मूळ उष्णता अद्याप शिल्लक असेल, अशी शंका काही वेळा व्यक्त होते. एक-दोन किलोमीटर जाडीचा थर काही लाख वर्षांत निवतो. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची ती उष्णता केव्हाच निघून गेली आहे. कोकणातील उन्हवरे, राजापूर, गणेशपुरी येथील उष्ण झऱ्यांचा उलगडाही भेगांतून खोलवर जाऊन तापून परतणाऱ्या पावसाच्या पाण्याने होतो.

आता तापमान पाहू. जमिनीवर २५ अंश, उष्माप्रवाह ४५ मिलिवॅट, वर एक किलोमीटर बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइट असे धरले आणि बेसॉल्ट व ग्रॅनाइट यांच्या संवाहकतेचे प्रचलित आकडे वापरले, तर ६ किलोमीटरांवर तापमान सुमारे १२० ते १३० अंश येते. ग्रॅनाइटातील उष्मानिर्मिती ०.५ घेतली काय किंवा २ घेतली काय, या खोलीवर फरक दहा अंशांच्या आतच राहतो. म्हणून वेधनाची आखणी करताना खोलीनुसार वाटणीचा प्रश्न फार अडवत नाही. दहा किलोमीटरांवर हेच तापमान सुमारे १६५ ते १९० अंश येते. क्वार्ट्झयुक्त खडक साधारणतः ३०० अंशांच्या पुढे ठिसूळपणा सोडून मऊ होऊ लागतात. कोयना परिसरातील बहुतेक भूकंप दहा किलोमीटरांच्या आत होतात, म्हणजे ते सारे पुरेशा थंड आणि ठिसूळ खडकात घडतात. त्यांची खालची मर्यादा केवळ तापमानाने ठरलेली नाही, हे या हिशेबातून दिसते. पाणी, भ्रंश आणि खडकांवरील ताण यांकडेच लक्ष वळवावे लागते.

कवचाच्या तळाशी मात्र चित्र पालटते. हाच ४५ मिलिवॅटचा प्रवाह कायम ठेवून संपूर्ण ३७ किलोमीटर कवचात सरासरी उष्मानिर्मिती ०.५ मानली तर तळाचे तापमान ५०० अंशांच्या आसपास येते; १ मानली तर ३७५ अंशांच्या आसपास. एका गृहीतकातील बदलाने सव्वाशे अंशांचा फरक पडतो. भारतीय शिलावरण उष्ण की थंड या वादाचे मूळ येथे आहे. वाद मोजमापांचा असण्यापेक्षा न मोजलेल्या खोलीविषयीच्या गृहीतकांचा होता.

९. निष्कर्ष

या आढाव्यातून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, किरणोत्सारी मूलद्रव्ये कवचाच्या वरच्या भागात एकवटलेली आहेत, हे स्ट्रट यांचे १९०६ चे अनुमान शंभर वर्षांच्या कसोटीस उतरले आहे.

दोन, १९६८ नंतर रूढ झालेले घातीय घटीचे प्रारूप ही एक उपयुक्त सोय होती. उलटलेल्या कवचाच्या आणि खोल विवरांच्या पुराव्याने ती सोय निसर्गनियम नसल्याचे दाखवून दिले. वरच्या काही किलोमीटरांत खोलीपेक्षा खडकाची जात महत्त्वाची ठरते.

तीन, सातारा व सांगली जिल्ह्यांत पृष्ठभागावरचा खडक हा खालच्या कवचाचा प्रतिनिधी नाही. येथे उष्मानिर्मिती प्रथम वाढते व नंतर घटते. म्हणून पृष्ठभागावरच्या बेसॉल्टच्या आकड्यांवर उभारलेला कोणताही औष्णिक हिशेब या परिसरास लागू करता येत नाही. येथे विवरातून काढलेल्या ग्रॅनाइटच्या नमुन्याला पर्याय नाही.

चार, या प्रदेशाच्या कवचाचे चित्र तीन ठिकाणांहून जुळवावे लागते : वरचा भाग कोयनेच्या विवरांतून, मधला भाग कर्नाटकातील उघड्या धारवाड छेदातून आणि तळचा भाग मुरुड-जंजिऱ्याच्या ग्रॅन्युलाइट तुकड्यांतून. यांपैकी कोणताही एक पुरावा एकट्याने पुरेसा नाही.

भूकंपक्षेत्राच्या शेजारी राहणाऱ्या समाजाला जमिनीखालच्या उष्णतेविषयी अनेक तर्क ऐकावे लागतात. त्यांची शहानिशा करताना 'खाली ज्वालामुखी धुमसतो आहे का' या प्रश्नापेक्षा 'खालचा खडक कोणता आणि त्यात युरेनियम, थोरियम व पोटॅशियम किती' हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. त्याचे उत्तर काळ्या पाषाणाखालच्या ग्रॅनाइटात आहे, आणि ते मिळवण्याचे काम या जिल्ह्यांच्या भूमीतच सुरू झाले आहे.